वेष्टनावरचा कुष्ठरोगी

अमेरिकेतील ‘डेथ’ या बँडची ‘लेप्रसी’ ही १९८८ सालची ध्वनिमुद्रिका डेथ मेटल संगीतात अभिजात मानली जाते. तिची तबकडी शौकीन आजही जपतात. लेप्रसी म्हणजे कुष्ठरोग. वेष्टनावर चिंध्या पांघरलेला, विद्रूप चेहऱ्याचा रुग्ण रंगवला आहे. अंगावर काटा आणणे हे त्या संगीताचे कामच. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आपल्याही मनात तेच चित्र घर करून आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस १९८१ मध्येच केली होती. तबकडी निघाली तेव्हाही हा रोग बरा होत होता. आज ६ किंवा १२ महिन्यांच्या मोफत गोळ्या पुरतात, आणि त्या सुरू होताच संसर्गाचा धोका झपाट्याने ओसरतो. बोटे आपोआप झडत नाहीत. नसा बधिर झाल्याने चटका, जखम कळत नाही. ती चिघळते आणि व्यंग येते.

भंडाऱ्यासह पूर्व विदर्भात नवे रुग्ण अजूनही सापडतात. लोक काय म्हणतील, म्हणून चट्टा सदऱ्याआड लपवला जातो आणि तेवढ्या काळात नस निकामी होते. गेलेली नस गोळ्यांनी परत येतेच असे नाही. फिकट वा लालसर, बधिर चट्टा दिसला तर याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा.