टॉवरचीच वाट कशाला?

मावळातल्या पवनानगरात माझं किराणा दुकान आहे. तुंग-तिकोन्याच्या डोंगरांआड मोबाइलची रेंज जाते. शनिवार-रविवारी पर्यटक वाढले की यूपीआयचं चाक फिरतच राहतं आणि गिऱ्हाईक माल ठेवून निघून जातं. दुकानातली फायबर लाइन मात्र चालू असते. ९ डिसेंबर २०२० रोजी केंद्राने मंजूर केलेल्या ‘पीएम-वाणी’ योजनेत अशा लाइनवर वाय-फाय लावून दुकानदाराला डेटा विकता येतो, परवाना नाही, शुल्क नाही. वाय-फायच्या लहरींसाठी लिलावही नसतो, म्हणून ते स्वस्त पडतं. जून २०२५ मध्ये दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने अशा दुकानदारांसाठी २०० एमबीपीएसपर्यंतच्या जोडणीचा दर घरगुती दराच्या दुपटीत बांधून दिला. वाय-फाय धावत्या गाडीला पुरणार नाही, तिथे टॉवरच हवा. पण बाजारपेठेला पुरेल. मावळातल्या ग्रामपंचायतींनी दुकानदारांना बोलावून ही योजना समजावून सांगावी.