कारकळ : मूर्तीमागचा हात

दक्षिणेच्या यात्रेस निघालेल्या बसगाड्यांच्या वेळापत्रकात कारकळच्या वाट्याला बहुधा एक तास येतो. सकाळी मूडबिद्रीच्या हजार खांबांच्या बसदीचे दर्शन, वाटेत कारकळ, दुपारी वेणूर आणि रात्रीचा मुक्काम धर्मस्थळी, असा हा क्रम ठरलेला असतो. सांगली-कोल्हापूरकडचे यात्रेकरू घाईने पायऱ्या चढतात, भगवान बाहुबलींपुढे मस्तक नमवतात, एक सामूहिक छायाचित्र काढतात आणि उतरतात. दर्शन घडते, पण गाव पाहावयाचे राहून जाते. ज्या श्रावकाला शक्य असेल त्याने कोकण रेल्वेने उडुपीस उतरावे, तेथून सुमारे ३८ किलोमीटरवर असलेल्या कारकळला यावे आणि एक रात्र तरी तेथे राहावे.

सह्याद्रीच्या पश्चिम पायथ्याशी, भातखाचरे, पोफळीच्या बागा आणि जांभ्या दगडाच्या भिंती यांच्यामधून अचानक उघडे काळे कातळ वर येतात. कारकळ हे नावही काळ्या दगडावरून पडले असे तेथील लोक सांगतात. गावात गौड सारस्वतांचे मोठे व्यंकटरमण मंदिर आहे. त्यामुळे बाजारात तुळू आणि कन्नड यांच्या जोडीने कोकणीही कानी पडते आणि गोव्याकडून आलेल्या पाहुण्याला परकेपणा वाटत नाही. दर बारा वर्षांनी महामस्तकाभिषेक होतो, २०१५ साली झाला, तेव्हा येथे माणसांचा समुद्र लोटतो. एरवी गाव शांत असते. सायंकाळी सूर्यास्तापूर्वी भोजन उरकून निघालेल्या यात्रेकरूला टेकडीच्या वाटेवर फार तर गुरे घेऊन परतणारा एखादा मनुष्य भेटतो.

टेकडीवरील मूर्ती सुमारे ४२ फूट उंच, एकाच शिलेतून घडवलेली आहे. तिचे वजन ८० टनांच्या घरात असावे असे मानतात. शके १३५३, म्हणजे इ.स. १४३२ च्या फाल्गुनात, भैररस घराण्यातील वीरपांड्य राजाने भट्टारक ललितकीर्ती यांच्या उपदेशावरून तिची प्रतिष्ठा केली. कारकळच्या पीठावरील भट्टारक आजही ललितकीर्ती हेच नाव धारण करतात. श्रवणबेळगोळची मूर्ती टेकडीच्या माथ्यावरील कातळातच कोरलेली आहे. कारकळची मात्र खाली घडवून नंतर वर चढवली, अशी परंपरा आहे. ते कसे साधले असेल, हा प्रश्न पायऱ्या चढताना प्रत्येकाच्या मनात येतो, आणि मूर्तीपाशी पोहोचल्यावर तो सहसा विसरला जातो.

समोरच्या लहान टेकडीवर चतुर्मुख बसदी आहे. इम्मडी भैररस राजाने ती इ.स. १५८६ मध्ये बांधली. चारी दिशांना चार दारे, आणि प्रत्येक दारातून अरनाथ, मल्लिनाथ व मुनिसुव्रतनाथ या तीन तीर्थंकरांच्या मूर्तींचे दर्शन घडते. शिलालेखात या मंदिराला त्रिभुवनतिलक जिनचैत्यालय म्हटले आहे. सारे काम दगडाचे आहे. छतावरही दगडी फरशाच आहेत, आणि त्या पाहिल्या की या भागात पाऊस किती कोसळत असेल याची कल्पना येते. या बसदीच्या ओसरीवर खांबाला टेकून बसावे. येथून बाहुबलींची मूर्ती जशी दिसते तशी ती तिच्या पायाशी उभे राहून दिसत नाही. पायाशी मान वर करून फक्त उंची जाणवते. येथून मात्र आकाशात उभा असलेला एकटा मनुष्य दिसतो.

येथे बसले असता आणखी एक गोष्ट आठवावी, जी यात्रा कंपनीच्या माहितीपत्रकात नसते. मूर्तीजवळील लेखात राजाचे नाव आहे, गुरूचे नाव आहे. शिल्पकाराचे नाव तुळू लोकांनी आपल्या पाड्दनांत, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या तोंडी गायिल्या जाणाऱ्या कथागीतांत, जपले आहे. त्याचे नाव बीर कल्कुड. कथा अशी की, कल्कुडाने कारकळला गोमटाची मूर्ती घडवली. ती इतकी सुंदर झाली की, अशी दुसरी मूर्ती कोणाच्याही राज्यात होऊ नये म्हणून राजाने त्याचा डावा हात आणि उजवा पाय तोडला. कल्कुड तशा अवस्थेत वेणूरला गेला आणि उरलेल्या एका हाताने तेथील मूर्ती घडवली. त्याची बहीण कल्लुर्टी भावाला शोधत आली. त्याची दशा पाहून ती क्रुद्ध झाली. पुढे दोघेही दैवरूप झाले आणि त्यांनी कारकळला आगीने पोळले. कल्कुड-कल्लुर्टी यांची स्थाने तुळुनाडूत आजही जागोजाग आहेत आणि रात्रभर चालणाऱ्या कोलात ही कथा गायिली जाते. या प्रदेशातील जैन घराण्यांतही पूर्वी वारसा मामाकडून भाच्याकडे, म्हणजे बहिणीच्या वंशाकडे जात असे. अशा भूमीत भावाचा सूड घ्यायला बहीणच यावी, यात नवल नाही.

इतिहासाच्या कसोटीवर ही कथा टिकत नाही. वेणूरची ३५ फुटी मूर्ती इ.स. १६०४ ची आहे. कारकळनंतर १७२ वर्षांनी उभी राहिलेली. एकच कारागीर दोन्ही घडवू शकत नाही. पण एवढे म्हणून ती बाजूला सारणे सोपे आहे, आणि जैन यात्रेकरूने हा सोपेपणा टाळावा. वेणूरची मूर्ती उभी राहू लागली तेव्हा कारकळच्या राजाला मत्सर वाटला आणि त्याने वेणूरच्या अजिल राजावर चाल केली, अजिलाने मूर्ती फल्गुनी नदीच्या वाळूत लपवून ठेवली, असेही सांगतात; आणि तो कारकळचा राजा म्हणजे चतुर्मुख बसदी बांधणारा इम्मडी भैररसच, अशी परंपरा आहे. दोन्ही कथांतील राजा एक नसेल, दोष मात्र एकच आहे: मूर्ती माझीच असावी, दुसऱ्याची नसावी.

आणि मूर्ती कोणाची? ज्याने जिंकलेले राज्य टाकले त्याची. भरत आणि बाहुबली यांच्यात दृष्टियुद्ध, जलयुद्ध, मल्लयुद्ध झाले. दिगंबर परंपरेतील आदिपुराण सांगते की, मल्लयुद्धात बाहुबलींनी भरताला वर उचलले, पण भूमीवर आपटले नाही. थोरल्या भावाचा मान राखला. श्वेतांबर परंपरेत उगारलेली मूठ मध्येच थांबते आणि तोच हात स्वतःच्या केसांकडे वळून केशलोच करतो. दोन्हीकडे कथेचे मर्म हातातच आहे: जो प्रहार करू शकत होता आणि ज्याने केला नाही. त्या हाताची मूर्ती घडवणाऱ्याचा हात तोडला गेला, असे ज्या लोकांनी गायिले त्यांनी बाहुबलींची निंदा केलेली नाही. आदिपुराण न वाचताही त्यांनी राजापेक्षा बाहुबलींना अधिक जवळून ओळखले, असेच म्हणावे लागते. मूर्तीला वेली वेढतात तरी ते हात हलत नाहीत. खाली मालकीचे भांडण चालू असते.

कारकळने ही परंपरा पुढे वेगळ्या रीतीनेही चालवली. रेंजाळ गोपाळकृष्ण शेणै या शिल्पकाराने १९७३ साली कारकळ येथे ३९ फूट उंचीची बाहुबलींची मूर्ती घडवली. ती धर्मस्थळी नेण्यात आली आणि १९८२ साली तिची प्रतिष्ठा झाली. या वेळी शिल्पकाराचे नाव मूर्तीबरोबर सर्वांच्या ओठी राहिले. धर्मस्थळी दर्शन घेताना महाराष्ट्रातील किती यात्रेकरूंना ते ठाऊक असते, हा प्रश्नच आहे. आपल्या गावच्या मंदिरातील मूर्ती कोणी घडवली, हे तरी कितीजणांस सांगता येईल? देणगीदारांची नावे संगमरवरावर कोरलेली असतात.

दुसऱ्या दिवशी लौकर उठावे. ऊन चढल्यावर कातळ तापतो आणि अनवाणी पायांना सोसवत नाही. हिरियंगडीची नेमिनाथ बसदी आणि तेथील उंच मानस्तंभ पाहावा. आनेकेरे तलावाच्या मधोमध उभी असलेली लहान बसदीही पाहावी. या सगळ्याला अर्धा दिवस पुरतो. पूजेला उभे राहिल्यास पाहुण्याला मोकळेपणाने सामावून घेतात. भाषा कळली नाही तरी णमोकार मंत्र कळतो.

नंतर वेणूरची वाट धरावी. रस्त्याच्या कडेला मधूनमधून दैवांची छोटी कौलारू ठाणी दिसतात. त्यांतले एखादे कल्लुर्टीचे असू शकते. गाडीतील स्थानिक चालकाला विचारले तर तो सांगेल, आणि बहुधा वेग थोडा कमी करून हातही जोडेल. वेणूरला फल्गुनीच्या काठी उतरल्यावर मूर्ती कारकळपेक्षा लहान आहे हे लगेच लक्षात येते. मूर्तीचे दोन्ही हात तेथेही तसेच खाली सोडलेले, शांत आहेत.