अडीच लाख अर्ज आणि कुलूप लावलेलं घर

चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी 1 एप्रिल 2015 ला लागू झाली. 27 मे 2021 ला राज्य मंत्रिमंडळाने ती उठवायचा निर्णय घेतला. बंदी बरी की वाईट, या वादात मला इथे पडायचं नाही. माझं भांडण त्या वेळी मोठ्या अभिमानाने मिरवलेल्या एका आकड्याशी आहे. बंदी उठवा म्हणणारी सुमारे अडीच लाख निवेदनं आली, कायम ठेवा म्हणणारी त्या मानाने थोडकी. म्हणजे जनतेचा कौल मिळाला, असं सांगितलं गेलं.

निवेदन कोण देतं? ज्याला वेळ आहे, लिहिता येतं किंवा लिहून देणारा कोणी पाठीशी आहे, आणि ज्याचं काही अडलं आहे तो. चिमूर तालुक्यातली जी बाई नवऱ्याच्या पिण्यापायी रात्र शेजारणीच्या ओसरीवर काढते, ती तहसिलीत अर्ज द्यायला जाणार आहे का? न्यायाने हेही म्हणायला हवं की बंदीच्या बाजूच्यांनीही पूर्वी ग्रामपंचायतींच्या ठरावांचे गठ्ठे असेच पुढे केले होते. मागणी म्हणून दोन्ही रास्त. जनमताचं मोजमाप म्हणून दोन्ही कुचकामी.

‘एवढे लोक चुकतील कसे?’ हा यावरचा ठरलेला प्रश्न. चुकतात. 1936 साली अमेरिकेत ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे 1 कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या, 20 लाखांहून अधिक परत आल्या आणि त्यावरून अध्यक्षपदाच्या निवडणुकीत रूझवेल्ट यांच्याविरुद्ध लँडन निवडून येणार असं भाकीत केलं. रूझवेल्ट यांनी 48 पैकी 46 राज्यं जिंकली. पत्ते घेतले होते टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांमधून, ऐन मंदीच्या काळात. त्यातही ज्यांना चीड होती त्यांनीच उत्तरं धाडली. जनमत चाचणी घेणाऱ्या जॉर्ज गॅलप यांचा नमुना याहून कितीतरी लहान होता, पण तो बरोबर निघाला.

मग हेच लोक उलट बाजूने विचारतात, हजारभर माणसांना विचारून 22 लाखांच्या जिल्ह्याचं काय कळणार? चिठ्ठ्या टाकून निवडलेली हजार माणसं असतील तर उत्तर साधारण तीन टक्के इकडेतिकडे होतं. गावंच्या गावं निवडून त्यांतली घरं घेतली तर नमुना दुपटीने वाढवावा लागतो, इतकंच. शितावरून भाताची परीक्षा होते, पण वरचंच शीत उचललं तर तळाचा करपलेला भात कळत नाही.

तळ कुठे असतो, ते पाहणीला गेलेल्या पोरांना विचारा. यादीतल्या घराला कुलूप असतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये घरातली माणसं तेलंगणात मिरची तोडायला गेलेली, मोहाच्या दिवसांत पहाटेच जंगलात, मे महिन्यात तेंदूपत्त्यावर. ‘शेजारचं घर घे ना, काय फरक पडतो?’ असं वरचा माणूस फोनवर सांगतो. फरक हाच पडतो की शेजारी घरी सापडणारा बहुधा दुकानदार, नोकरदार नाहीतर म्हातारा असतो. असं शे-दोनशे वेळा झालं की जिल्ह्यातला मजूर कागदावरून नाहीसा होतो. प्रबंधात मात्र ‘यादृच्छिक नमुना’ असं ठसठशीत छापलेलं असतं.

दुसरा पक्ष जास्त हुशार आहे, म्हणून जास्त घातक. तो म्हणतो, नमुना कितीही चोख घ्या, इथली माणसं खरं सांगतच नाहीत. अहो, का सांगावं? शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी आहे. तिथे ‘तुम्ही दारू पिता का?’ हा प्रश्न म्हणजे गुन्ह्याची कबुली मागणं. विचारणारा बाहेरचा, पँट-शर्टातला, सोबत गावचा पोलीस पाटील, अंगणात गोळा झालेले शेजारी, हातात नाव-गाव लिहिलेला फॉर्म. ‘नाही जी, आमच्या घरी कोणी घेत नाही.’ हे उत्तर अगदी शहाणपणाचं आहे. मानसशास्त्र शिकलेल्याने त्यात माणसाचा खोटेपणा पाहावा आणि आपल्या प्रश्नाचा उद्धटपणा पाहू नये, याला काय म्हणावं?

यावर उपाय आहेत. स्टॅन्ली वॉर्नर यांनी 1965 मध्ये मांडलेल्या कल्पनेचं एक सोपं रूप असं: उत्तर देणाऱ्याने पाठ फिरवून नाणं उडवायचं. छापा पडला तर काहीही असो ‘हो’ म्हणायचं, काटा पडला तर खरं सांगायचं. एका माणसाच्या ‘हो’वरून त्याच्याबद्दल काहीच सिद्ध होत नाही. पण समजा 200 जणांत 140 ‘हो’ आले, तर त्यांतले शंभरेक नाण्याचे. उरलेल्या शंभरांत 40 खरे, म्हणजे 40 टक्के. नमुना मोठा लागतो, खेळ गोंडी-माडियात नीट समजावणारं माणूस लागतं, आणि बाईला बाईनेच विचारावं लागतं.

याच मातीत नाजूक विषयावर चोख काम झालेलं आहे. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या वासा आणि अमिर्झा या गावांत 650 स्त्रियांचा अभ्यास करून तो 1989 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापला. तक्रार सांगणाऱ्या स्त्रिया 55 टक्के होत्या; तपासणीत स्त्रीरोग निघाला 92 टक्क्यांना. त्याआधी तशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम 8 टक्के. नुसता फॉर्म भरून कोणी परतलं असतं तर दुखणं जवळपास निम्म्यावर दिसलं असतं. विचारण्याची मर्यादा त्यांनी तपासणीने ओलांडली, आणि स्त्रिया तपासणीला आल्या त्या विश्वासापोटी.

हे शरीराच्या दुखण्यांचं झालं. मनाच्या दुखण्यांची अशी मोजणी अजून कुठे आहे? 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 12 राज्यं होती, इंद्रावतीपलीकडचं छत्तीसगड त्यात होतं, महाराष्ट्र नव्हता. तरीही शहरात बेतलेल्या प्रश्नावल्या मराठीत उतरवून गडचिरोलीतल्या एटापल्लीत वाटणं आणि टक्केवारी काढणं खुशाल चालू असतं.

गडचिरोलीची बंदी ठेवावी की नाही, हा वाद पुन्हा उठेल तेव्हा प्रशासनाने अर्ज मागवू नयेत. गावं चिठ्ठीने काढावीत, घरं चिठ्ठीने काढावीत, कुलूप असलेल्या घरी मिरचीवरून माणसं परतल्यावर पुन्हा जावं, आणि प्रश्न काय विचारणार ते आधी जाहीर करावं. खर्चाचं म्हणाल तर अडीच लाख अर्ज घ्यायला, मोजायला, बांधून ठेवायला जेवढे कारकून बसले असतील, तेवढ्यांत दोन हजार घरं सहज होतात.