उत्तर आधी, रीडिंग नंतर!

सुरुवातीलाच दोन कबुल्या. पहिली : माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाचा हिशेब संपादक मंडळाने सांभाळून घ्यावा. दुसरी जास्त महत्त्वाची : गेल्या सेमिस्टरला मी माझ्या मिनी प्रोजेक्टच्या रीडिंग्ज 'बसवल्या'.

दचकलात? नसालच! फर्स्ट इयरपासून आपण हेच करतो. पेंड्युलमचा ग्राफ आधी काढायचा, टिंबं मागाहून द्यायची. 'जी'ची किंमत ९.८ यायलाच हवी, नाहीतर जर्नलवर सही कोण करणार? मलाही त्यात कधी काही वाटलं नाही. वाटायला लागलं ते युरोपातल्या रोमा लोकांच्या संगीतामुळे. कसं, ते सांगते.

ज्यांना जग 'जिप्सी' म्हणतं, त्यांच्यातले बरेच जण स्वतःला रोम किंवा रोमा म्हणवतात. त्यांचे पूर्वज कित्येक शतकांपूर्वी भारतातून तिकडे गेले, आणि याचा मोठा पुरावा त्यांच्या भाषेतच आहे. नाकाला 'नाख', कानाला 'कान', पाण्याला 'पानी'! बुडापेस्टमध्ये १९७८ साली रोमा तरुणांचा एक ग्रुप सुरू झाला, त्याचं नाव 'काली याग'. अर्थ? काळी आग! हे वाचलं त्या रात्री मी रूम पार्टनरला हलवून उठवलं होतं.

तर माझा प्रोजेक्ट होता गाण्यातले कॉर्ड ओळखणारा प्रोग्राम. ज्यांना कॉर्ड म्हणजे काय माहीत नाही त्यांच्यासाठी : तीन-चार स्वर एकाच वेळी वाजले की कॉर्ड. सा-ग-प एकत्र वाजवा, तो मेजर. त्यातला ग कोमल करा, झाला मायनर. असे कॉर्ड एकामागून एक कसे लावायचे, सुराखाली काय ठेवायचं, त्या सगळ्या व्यवहाराला हार्मनी म्हणतात. आपल्या रागसंगीतात हा प्रकार नाही. मी मात्र शाळेच्या कॉयरमध्ये ऑल्टो गायचे, त्यामुळे माझा कान कॉर्डवरच वाढलेला. रूम पार्टनर गाण्याच्या परीक्षा दिलेली, तिचा कान रागावर.

प्रोग्राम साधा. फूरिए ट्रान्सफॉर्म घ्यायचा, सगळ्या फ्रीक्वेन्सी बारा स्वरांच्या बारा खणांत टाकायच्या आणि बारा मेजर, बारा मायनर अशा चोवीस साच्यांशी ताडून पाहायच्या. जो साचा सगळ्यात जवळचा, तो कॉर्ड. हिंदी सिनेमाच्या गाण्यांवर बरा चालला. मग हौस म्हणून मी ट्रान्सिल्व्हेनियातल्या (म्हणजे आजच्या रोमानियातल्या) एका खेड्यातल्या रोमा वादकांचं रेकॉर्डिंग त्याला दिलं. व्हायोलिनवर सरळसरळ मायनर वळणाचा सूर, आणि प्रोग्राम ठोक्यामागून ठोका सांगतोय, मेजर, मेजर, मेजर!

माझी खात्रीच झाली की प्रोग्राम चुकला. पुस्तकात लिहिलंय, मायनर सुराखाली मायनर कॉर्ड. सबमिशनला दोन दिवस. मी मायनर साच्यांचं वजन थोडं वाढवलं, मग आणखी थोडं... आणि आउटपुट 'बरोबर' आलं. टेबल सुबक दिसू लागलं. रिपोर्ट बाइंड करून मी निवांत झोपले.

व्हायवाला आमच्या गाइड सरांनी टेबलावर बोट ठेवलं. "अगं, हे रेकॉर्डिंगमधून आलं की तुझ्या डोक्यातून?" मी गप्प. "मधला माणूस काय वाजवतोय ते पाहिलंस का?"

पाहिलंच नव्हतं. रूमवर येऊन व्हिडिओ लावला. मधल्या माणसाच्या हातात 'कोंत्रा' होता. हा तीन तारांचा व्हायोला. त्याची घोडी नेहमीसारखी गोल नसते, सपाट असते. त्यामुळे बो तिन्ही तारांवर एकदम फिरतो आणि अख्खा कॉर्ड वाजतो. आणि तिथली रीतच अशी की सूर मायनर वळणाचा असला तरी खालचे कॉर्ड बहुतेक मेजर! प्रोग्राम बरोबर होता. चुकीची मी होते, आणि मी माझी चूक त्याला शिकवली होती.

तेव्हापासून या विषयावर मिळेल ते वाचतेय, आणि माझं मत असं झालंय : रोमा संगीतातली हार्मनी अभ्यासताना पुस्तक शेवटी उघडायचं. आधी वाद्य, मग हात, मग माणूस.

वाद्य आणि हात का? कोंत्राचंच घ्या. तारा जी, डी आणि ए. पहिल्या दोन मोकळ्या सोडल्या की सा-प मिळाले, तिसऱ्या तारेवर एक बोट ठेवलं की गंधार. ते बोट अर्धा स्वर मागे घेतलं की मायनर! म्हणजे मायनर 'जमत नाही' म्हणून मेजर वाजवतात असं नाही. तो मेजर त्यांना हवा असतो. आता दुसरी बाजू. जँगो राइनहार्ट, बेल्जियममध्ये १९१० साली जन्मलेला मानूश, म्हणजे फ्रान्सच्या बाजूच्या रोमा समाजातला गिटारवादक. १९२८ मध्ये त्याच्या राहत्या गाडीला आग लागली आणि डाव्या हाताची दोन बोटं जवळजवळ निकामी झाली. उरलेल्या दोन बोटांनी तो सोलो वाजवायचा, आणि त्याच्या कॉर्डच्या ठेवणीवर त्या हाताची छाप आहे. एकीकडे निवड, दुसरीकडे अडचणीतून काढलेली वाट. कागदावर दोन्ही 'नियमाला अपवाद'च दिसतील. फरक कळायला हात बघावा लागतो.

आणि माणूस का? कारण सगळे एकदम वाजवत असताना कोण काय वाजवतंय ते कानाला सुटं करता येत नाही. यावर सिम्हा अरोम या संशोधकाने मध्य आफ्रिकेत १९७० च्या दशकात नामी युक्ती काढली. एकाचा भाग रेकॉर्ड करायचा, तो हेडफोनवर दुसऱ्याला ऐकवायचा, त्यावर त्याचा भाग वेगळा घ्यायचा, असं करत करत अख्खी रचना थर-थर उलगडायची. मला ही पद्धत फार आवडली, कारण यात चूक झाली तर वादकच सांगतो. रोमा बँडलाही हेच करता येईल : एक कॉर्ड मुद्दाम बदलून त्यांना ऐकवा आणि विचारा, "असं चालेल?" त्यांनी मान हलवली तर तो नियम नाही, सवय आहे. त्यांनी कान धरले तर तो नियम. हे कुठल्याही चोवीस साच्यांत सापडणार नाही.

माणसाला न विचारता काय होतं याचा इतिहासही मोठा आहे. फ्रान्झ लिस्टने १८५९ च्या पुस्तकात हंगेरीचं हे सगळं संगीत जिप्सींनी निर्माण केलं असं मांडलं. बेला बार्टोकने १९३१ मध्ये उलट लिहिलं, की शहरातले जिप्सी बँड जे वाजवतात ती हंगेरियन लोकांनीच रचलेली गाणी आहेत. बार्टोक तर फोनोग्राफ घेऊन खेडोपाडी हिंडलेला माणूस, त्याच्या मेहनतीबद्दल शंका नाही. पण या सगळ्या वादात 'हे कुणाचं?' हा प्रश्न एवढा मोठा झाला, की 'तुम्ही हा कॉर्ड इथे का ठेवता?' हा साधा प्रश्न मागे पडला.

आपणही काही वेगळे नाही हं! माझ्या रूम पार्टनरने तथाकथित 'जिप्सी स्केल' ऐकली, सा रे, कोमल ग, तीव्र म, प, कोमल ध, नि, आणि ओरडली, "अगं, हा तर कर्नाटकातला सिंहेंद्रमध्यम! म्हणजे हे आपलंच!" स्वर जुळतात हे खरं. पण रोमा लोक वाटेत तुर्कांकडून, हंगेरियनांकडून, रोमानियनांकडून शिकत, त्यांना शिकवत गेले. स्वर जुळले म्हणून नातं सिद्ध होत नाही. नातं भाषेने सिद्ध झालंय, ते स्केलवर लादायची गरज नाही. मी मायनर बसवला, तिने राग बसवला. उत्तर दोघींचंही आधीच तयार!

आणि मुळात हार्मनी आहेच असं तरी कुणी सांगितलं? हंगेरीतले ओलाह रोमा पारंपरिक गाणी वाद्यांशिवाय गातात. ठेक्याला चमचे आणि पाण्याची कॅन, आणि तोंडाने काढलेला 'बास'. त्या गाण्यांना गिटारचे कॉर्ड लावले ते 'काली याग'सारख्या ग्रुपनी. म्हणजे 'रोमा हार्मनीचे नियम' असं एका ओळीत लिहिताच येत नाही. कुठल्या गावचे, कुठल्या वाद्यावर, कुणासाठी, हे विचारावंच लागतं.

कुणी म्हणेल, एवढं काय मनाला लावून घ्यायचं? एक कॉर्ड इकडचा तिकडे! मला पटत नाही. याच लोकांना १९३६ पासून बर्लिनमध्ये रॉबर्ट रिटर नावाच्या 'संशोधकाने' मोजलं होतं. डोक्याची मापं, वंशावळी, तक्ते, सगळं कसं व्यवस्थित. निष्कर्ष आधीच ठरलेला होता. त्या याद्यांतली कितीतरी माणसं ऑशविट्झला गेली. माझ्या टेबलाची आणि त्या तक्त्यांची बरोबरी मी करत नाही, तेवढी मी मोठीही नाही. पण ठरलेल्या उत्तरासाठी माणसाचं रीडिंग बदलायचं ही सवय लहानच असते सुरुवातीला. ज्यांना इतक्यांनी न विचारता मोजलं, त्यांचा निदान कॉर्ड तरी आहे तसा लिहावा.

मी रिपोर्ट परत केला. मूळ आउटपुट लावलं, आणि शेवटी एक पान जोडलं : 'न जुळलेली रीडिंग्ज'. सुबक टेबल गेलं, मार्क बेताचेच पडले. पण त्या पानावर सर व्हायवात सर्वांत जास्त वेळ बोलले.

म्हणून सर्व सरांना आणि मॅडमना नम्र विनंती : प्रत्येक जर्नलमध्ये असं एक पान ठेवा, आणि त्याला मार्क द्या. आम्ही खोटं लिहितो, कारण खऱ्याला जागाच नसते. आणि मित्रांनो, आपणही पुढच्या प्रॅक्टिकलला टिंबं आधी देऊ या, रेघ नंतर.

पटलं नसेल तर लेडीज हॉस्टेलच्या गेटवर निरोप ठेवा. हेडफोन मी देते, मधला माणूस तुम्ही ऐका!