नियम आणि नवस

लातूरच्या बाजारातील एका आडत दुकानात आश्विन अमावास्येच्या संध्याकाळी चोपडीपूजन चालले होते. हिशेब संगणकावर गेल्याला बरीच वर्षे झाली. तरी मानाची एक लाल चोपडी अजून आणली जाते. गौतमस्वामींची लब्धी, धन्ना-शालिभद्रांची ऋद्धी, अभयकुमारांची बुद्धी, कयवन्ना शेठांचे सौभाग्य आपल्याला लाभावे, अशा अर्थाच्या ओळी वडिलांनी तिच्या पहिल्या पानावर लिहिल्या. शेजारी बसलेल्या दहा वर्षांच्या मुलीने त्या मोठ्याने वाचल्या आणि विचारले, “आपले भगवान कुणाला काही देत नाहीत ना? मग हे मागायचे कशाला?”

वडील हसले. “रीत आहे, बेटा.”

दादींना मात्र हसू आले नाही. नातीच्या पुढ्यातील करंजी जशीच्या तशी होती. बेसनाचा लाडूही तिने धाकट्या भावाच्या ताटात सरकवला होता. रात्री जवळ घेऊन विचारले, तेव्हा उलगडा झाला. भाद्रपदात दादाजींना इस्पितळात नेले, त्या दिवशी मुलीने मनाशी ठरविले होते: दादाजी घरी येईपर्यंत गोड खायचे नाही, आणि रोज नवकाराची एक माळ. माळ एकही दिवस चुकली नाही. नवव्या दिवशी मैत्रिणीच्या वाढदिवसाला मात्र तिने पेढा खाल्ला. एकविसाव्या दिवशी दादाजी गेले.

“माझ्यामुळे गेले ना ते?”

मोठ्या माणसांनी दिलेल्या सांत्वनाने यात भरच घातली होती. ‘देवाला दादाजींची गरज होती,’ असे एक नातेवाईक तिला म्हणाले होते. जैन घरात हे वाक्य कुठून येते, हे नवलच आहे. ज्याला कशाचीच इच्छा उरली नाही, त्या वीतरागाला लातूरच्या एका म्हाताऱ्या आडत्याची काय गरज पडावी? दुसऱ्या कुणी सांगितले होते, ‘मनापासून केलेली प्रार्थना फुकट जात नाही.’ हे तर त्याहून निर्दय. आजोबा गेलेच आहेत, तेव्हा आपली प्रार्थना मनापासून नव्हती, एवढाच अर्थ मुलाच्या हाती उरतो.

दादींनी आधी पेढ्याचा निकाल लावला. “तुझ्या एका पेढ्यात एवढी ताकद असती, तर डॉक्टरांनी पेढेच मोजले असते.” मग त्या पावापुरीकडे वळल्या. दिवाळी होतीच, कथाही त्याच रात्रीची. इ. स. पूर्व 527 मधील त्या अमावास्येला, म्हणजे जिथून वीर निर्वाण संवत मोजला जातो तिथे, महावीरस्वामींचे निर्वाण जवळ आले. श्वेतांबर परंपरा सांगते, की इंद्राने हात जोडून विनविले: भगवन्, अशुभ ग्रहाचा योग आहे, आपले आयुष्य क्षणभर वाढवा. स्वामींनी सांगितले, आयुष्याचा एक क्षणही वाढविणे कुणालाच शक्य नाही, तीर्थंकरांनाही नाही.

“स्वतःचासुद्धा नाही?”

“स्वतःचासुद्धा नाही. आणि गौतमस्वामी तेव्हा जवळ नव्हते. देवशर्म्याला उपदेश करायला गेले होते. बातमी कळली तेव्हा ते रडले.”

चार ज्ञानांचे धनी, पहिले गणधर, आणि तेही रडले, हे मुलीला फार पटले. रडता रडताच त्यांना उमगले, की स्वामी वीतराग होते आणि आपण त्यांच्यावरच्या रागाने, म्हणजे प्रेमाने, बांधलेले होतो. पहाटे त्यांना केवलज्ञान झाले. चोपडीवर ज्यांचे नाव पहिले येते, ते हेच गौतमस्वामी.

पण मुलीचा मूळ प्रश्न शिल्लक होता. नवकारात नुसते नमन आहे, मागणे नाही, हे खरे. तरी देववंदनातील जय वीयराय सूत्रात मागणे आहेच. दादींनी ते लपविले नाही. त्यात काय मागितले आहे, ते त्यांनी बोटांवर मोजून दाखविले: संसाराविषयी विरक्ती, वडीलधाऱ्यांचा आदर, दुसऱ्याच्या उपयोगी पडणे, शांत चित्ताने मरण. “यातले काही बाहेरून कुणी आणून देईल असे आहे का?” फळाची अट घालून केलेल्या तपाला निदान म्हणतात आणि शास्त्राने ते शल्यांत मोजले आहे. चोपडीतल्या ऋद्धीविषयी दादी इतकेच म्हणाल्या, की शालिभद्रांनी ती ऋद्धी शेवटी सोडून दिली, हे त्या ओळीत लिहीत नाहीत.

“मग माझ्या माळांचे काय झाले?”

दादी थोडा वेळ गप्प होत्या. “तू खाटेजवळ बसून म्हणायचीस तेव्हा त्यांचे ओठ हलायचे. शेवटी शेवटी त्यांना दुकानाचा फोन नंबर आठवत नव्हता, माझे नाव आठवत नव्हते. नवकार आठवत होता.” तुझ्या माळेमुळेच, असे त्या म्हणाल्या नाहीत. मुलीनेही विचारले नाही.

राहिला गोडाचा नियम. दादाजी घरी येणार नव्हते, म्हणजे तो संपणारच नव्हता. दादींनी समजावले, की पच्चक्खाणाला शेवट असतो. नवकारशी सूर्योदयानंतर 48 मिनिटांनी पुरी होते, पोरिसी एका प्रहराने. अट घालून केलेला तो नवस होता, व्यापाऱ्याच्या घरात त्याला सौदा म्हणतात. “तो आता सोड. हवा असेल तर उद्यापासून नवा नियम घे, दिवस ठरवून. कुणाला काही द्यायला न लावता.”

मुठसी पच्चक्खाण पारतात, तशी मुलीने मूठ वाळली, एक नवकार म्हटला आणि मूठ उघडली. मग तिने विचारले, की करंजी उद्या खाल्ली तर चालेल का. रात्र झाली होती आणि दादींचे चौविहार होते.