प्रेक्षकाची जबाबदारी

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत माझी नात आमच्याकडे राहावयास आली होती. ती इयत्ता सातवीत शिकते. दुपारचे जेवण आटोपले की ती एक जाड इंग्रजी पुस्तक घेऊन खिडकीपाशी बसे आणि चहाची वेळ झाली तरी हाकेला ओ देत नसे. तीन पुस्तकांची ती मालिका तिने अकरा दिवसांत संपविली आणि लगेच पहिले पुस्तक पुन्हा उघडले. एवढे काय आहे त्यात, असे मी विचारताच ती मोठ्या उत्साहाने कथा सांगू लागली. ऐकून मी चपापलो. "मुलांनी मुलांना मारावयाचे आणि लोकांनी ते पाहावयाचे! असली पुस्तके तुमच्यासाठी नव्हेत," असे मी बोलून गेलो. त्यावर ती शांतपणे म्हणाली, "आजोबा, तुम्ही आधी वाचा, मग बोला." हेच वाक्य मी शाळेत पस्तीस वर्षे मुलांना ऐकवीत आलो होतो. तेव्हा वाचण्यावाचून मला गत्यंतर उरले नाही.

या पुस्तकमालेचे नाव 'द हंगर गेम्स', म्हणजे 'भुकेचे खेळ'. सुझान कॉलिन्स या अमेरिकन लेखिकेची ही तीन पुस्तके २००८, २००९ आणि २०१० साली क्रमाने प्रसिद्ध झाली. कथा भविष्यकाळातील आहे. उत्तर अमेरिकेच्या भग्नावशेषांवर पॅनेम नावाचे राष्ट्र उभे आहे. कॅपिटॉल ही त्याची राजधानी ऐश्वर्यात लोळते आणि बारा प्रांत तिच्यासाठी राबतात. प्रांतांनी पूर्वी बंड केले, म्हणून त्यांना एक भयंकर शिक्षा ठरलेली आहे. दरवर्षी प्रत्येक प्रांतातून बारा ते अठरा वर्षे वयाचा एक मुलगा व एक मुलगी चिठ्ठी टाकून निवडावयाची. त्या चोवीस जणांना एका रणांगणात सोडावयाचे. आणि एकच जिवंत उरेपर्यंत त्यांनी झुंजावयाचे. हा सारा प्रकार दूरचित्रवाणीवर दाखविला जातो आणि तो पाहणे सर्वांना सक्तीचे असते.

चिठ्ठी टाकली म्हणजे न्याय झाला, असे आपल्याला वाटते. पण येथील चिठ्ठीही सर्वांना सारखी नाही. उपाशी घरातील मुलाने आपल्या नावाची एक चिठ्ठी जास्त टाकू दिली, तर त्याला एका माणसापुरते वर्षाचे तुटपुंजे धान्य व तेल मिळते. कथेची नायिका कॅटनिस सोळा वर्षांची आहे. तिचे वडील कोळशाच्या खाणीतील स्फोटात दगावले आहेत. आई, धाकटी बहीण आणि स्वतः अशा तिघींसाठी ती दरवर्षी तीन चिठ्ठ्या वाढवून घेते. पाच वर्षांत तिच्या नावाच्या वीस चिठ्ठ्या होतात. बहीण प्रिम बारा वर्षांची. तिची चिठ्ठी एकच. तरी नेमके प्रिमचेच नाव निघते आणि कॅटनिस तिच्या जागी स्वतः पुढे होते.

हे वाचताना मला एकचक्रा नगरीतील बकासुराची कथा आठवली. तेथेही दर वेळी एका घराची पाळी येई, गाडाभर अन्न आणि एक माणूस धाडावा लागे. आणि तेथेही दुसऱ्याच्या जागी भीम गेला. क्रीट बेटावरील अक्राळविक्राळ राक्षसाकडे अथेन्सहून सात मुलगे व सात मुली पाठविल्या जात, अशी ग्रीक लोकांचीही एक कथा आहे. तिचे ऋण लेखिकेने स्वतः मान्य केले आहे. परंतु या जुन्या कथांत आणि या नव्या कथेत एक मोठा भेद आहे. बकासुर मेला की एकचक्रा नगरी सुखी होते. पॅनेममध्ये मारण्यासारखा एक राक्षस नाही. तेथे घरोघरी बसून तो खेळ मिटक्या मारीत पाहणारे हजारो साधे लोक आहेत. कॅपिटॉलमधील ही माणसे दुष्ट दिसत नाहीत. ती नटतात, हसतात, आवडत्या खेळाडूसाठी हळहळतात, त्याच्यावर पैजाही लावतात. फक्त आपण काय पाहत आहोत, हे ती स्वतःला विचारीत नाहीत.

ही कल्पना लेखिकेला कशी सुचली, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. एका रात्री त्या दूरचित्रवाणीच्या वाहिन्या बदलीत होत्या. एकीकडे तरुणांची स्पर्धा चालू होती, दुसरीकडे खऱ्या युद्धाची दृश्ये दिसत होती. पाहता पाहता दोन्ही त्यांच्या मनात एकमेकांत मिसळली आणि त्या अस्वस्थतेतून हे कथानक जन्मास आले.

खरे सांगतो, पहिले पुस्तक अर्धे होईपर्यंत मीही 'आता कोणाची पाळी?' या उत्सुकतेने भराभर पाने उलटीत होतो. मग रू नावाच्या बारा वर्षांच्या मुलीचा मृत्यू आला. कॅटनिस थांबते आणि तिचा देह रानफुलांनी सजविते. त्या पानावर मीही थांबलो. इतका वेळ मी कॅपिटॉलच्या प्रेक्षकांत बसलो होतो, हे मला तेव्हा उमगले.

मुलांनो, त्या क्षणी मला माझी शाळा आठवली. मधल्या सुट्टीत दोन मुले भांडू लागली की त्यांच्याभोवती कडे जमे. "दे त्याला!" म्हणून ओरडा होई. मी धावत जाई, भांडणाऱ्या दोघांना शिक्षा करी आणि कड्याला नुसते पांगवी. कड्यातल्या कोणालाही मी कधी विचारले नाही, "तू तेथे उभा राहून काय करीत होतास?" ते विचारावयास हवे होते. कडे नसते तर निम्मी भांडणे सुरूच झाली नसती. आज त्या कड्यातील हातांत मोबाईल असतो, एवढाच काय तो फरक.

काही वडीलधारी मंडळी म्हणतील की ही पुस्तके क्रूर आहेत. क्रूरता त्यांत आहे, हे मी नाकारीत नाही. ज्याला ती सोसवणार नाहीत, त्याने ती थोडे मोठे झाल्यावर वाचावीत. त्यात कमीपणा नाही. परंतु अभिमन्यूला चक्रव्यूहात घेरून मारले, ही कथाही आपण मुलांना सांगतोच. कथेत हिंसा आहे की नाही, एवढ्यावरून तिची पारख होत नाही. ती वाचून आपले मन कोणाच्या बाजूला उभे राहते, हे पाहावे लागते. या मालेच्या तिसऱ्या पुस्तकात तर जिंकत आलेल्या पक्षापुढेच प्रश्न येतो की, आता कॅपिटॉलच्या मुलांना असेच झुंजवावे काय? उत्तर मी सांगत नाही. ते वाचण्यापूर्वी तुम्ही स्वतःचे उत्तर ठरवा.

एक प्रसंग मात्र सांगतो. कॅटनिस बहिणीच्या जागी पुढे होते, तेव्हा जमावाला टाळ्या वाजविण्यास सांगण्यात येते. कोणीच टाळी वाजवीत नाही. सारे स्तब्ध उभे राहतात, मग एकेक जण डाव्या हाताची मधली तीन बोटे ओठांना लावून तिच्या दिशेने धरतो. पुस्तकातील ही खूण पुढे पुस्तकाबाहेर आली. थायलंडमध्ये २०१४ साली आणि म्यानमारमध्ये २०२१ साली लष्कराने सत्ता बळकाविली, तेव्हा तेथील नागरिकांनी निषेध म्हणून हीच तीन बोटे उंचावली.

सुट्टी संपवून परत निघताना नातीने मला विचारले, "मग आजोबा, ही पुस्तके आमच्या वयाची आहेत ना?" मी म्हणालो, "आहेत. आणि माझ्याही वयाची आहेत." ती हसली. पुढच्या सुट्टीत पुन्हा वाचावयाची म्हणून तिने तिन्ही पुस्तके माझ्याच कपाटात ठेवली.