ताम्हिणीची गर्दी बघून हॉटेल टाकताय?

गेल्या रविवारी आम्ही चौघं गाडी काढून ताम्हिणी घाटात गेलो. धबधब्यापाशी कणीस आणि कांदाभजीच्या टपरीवर ही झुंबड! एक मित्र तिथंच म्हणाला, "नोकरी सोडतो, इथं हॉटेल टाकतो." तुम्हालाही असं कधी वाटलंय ना? थांबा. जून ते सप्टेंबरचे शनिवार-रविवार मोजा, जेमतेम ३५ दिवस. त्यात प्रशासनानं धबधब्यांवर बंदी घातली की गल्ला रिकामा. भाडं मात्र बारा महिने. टपरीवाल्या मावशींची जागा घरची, पाऊस सरला की त्या भातकापणीला लागतात. म्हणून त्यांना परवडतं. तुम्हाला? आधी मार्चमधल्या एखाद्या मंगळवारी तिथं दिवसभर बसा, गाड्या मोजा. टोकन नंतर द्या.